दार वाजवू नये

देवाचा शब्द मोबाईलवरून घरोघरी पोचवायचा आमच्या फादरनी विडाच उचललाय. अख्ख्या चर्चमध्ये आवाज घुमत नाही अशी जागा एकच, कन्फेशनची लाकडी केबिन. म्हणून तिलाच आतून फोम ठोकून त्यांनी स्टुडिओ केला आणि दारावर पाटी लावली: 'रेकॉर्डिंग चालू आहे. दार वाजवू नये.'

परवा शिवणकामवाल्या मावशी आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं, त्याआधी कन्फेशन करून मन मोकळं करायचं होतं. पाटी वाचूनही त्यांनी दार वाजवलं.

"अहो मावशी, पाटी दिसत नाही का?" फादरनी डोकं बाहेर काढलं. "सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं! बसा त्या बाकावर. एवढा एक भाग टाकतो आणि बोलावतोच तुम्हाला."

दीड तासाने भाग आला, 'देवाचं दार सदैव उघडं'. मावशींनी तो बाकावर बसूनच शेवटपर्यंत पाहिला आणि खाली लिहिलं, "फार छान, फादर. मी अजून बाहेरच बसलेय. येऊ का आत?"



आमचे फादर एकाही कमेंटकडे दुर्लक्ष करत नाहीत हो. दोन मिनिटांत तिच्याखाली लाल बदाम उमटला.