लटकत्या गाडीचे बोल्ट

शकीलची पोलीस ठाण्यातून सन्मानाने सुटका झाली. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण शकीलही तसंच धरून चालतो.

झालं ते एवढंच. पनवेलच्या आपल्या गॅरेजात त्याने उदयसिंह सरांच्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश बदलले आणि गाडी जॅकवर असतानाच बोल्ट फुल टाइट केले. चाकं हवेत लटकलेली! खरं तर बोल्ट तेव्हा नुसते बसवायचे, गाडी खाली घ्यायची आणि चाकांवर वजन आलं की मग कसायचे. नाहीतर बुशमधलं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हे गल्लीभर सांगत सुटणारा माणूस म्हणजे शकीलच. समोरच्या गॅरेजवाल्या दाजीने एकदा ही चूक केली, तेव्हापासून शकील रोज सकाळी ओरडायचा, "काय दाजी, आज कुणाला लटकवलंस?"

आणि जुम्म्याच्या घाईत त्याने स्वतः तेच केलं. आठवलं ते थेट मशिदीत, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना. तोवर सर गाडी घेऊन उलव्याला पोचले होते.

"फोन करून बोलवून घ्या ना त्यांना," बायको म्हणाली.

"आणि सांगू काय, आसिया? शकीलने लटकवून कसली?"

"माणसाकडून चूक होते हो."

"माणसाकडून होते. माझ्याकडून नाही होत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो सरांच्या सोसायटीत शिरला आणि गाडीखाली सरकला. गाडी चाकांवर उभी होतीच. बोल्ट सैल केले, पुन्हा कसले. शेवटच्या बोल्टला पाना लावलेला असताना वॉचमन बुधाजीने पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

"सायबांची गाडी खोलतंय! कोन हाय रं तू?"

आणि त्याला तसाच पोलीस ठाण्यात नेला.  तिथे शकील काळे हात मांडीखाली दडपून, मान खाली घालून बसला.

निरोप मिळताच उदयसिंह सर धावत आले. "अहो, हे आमचे शकीलभाई! चोर कसले? काहीतरी काम राहिलं असेल, ते करायला आले असतील बिचारे."

ओळख पटवायला दाजीलाही बोलावलं होतं. तो खुर्ची ओढून जवळ बसला.

"कसलं काम राहिलं होतं रे, शकील?"

हवालदाराने पेन उघडलं. "चोर नाही, मेकॅनिक. बरं. काय काम होतं तेवढं सांगा, लिहून घेतो आणि सोडतो."

शकीलने पहिल्यांदाच मान वर केली. "कागद द्या. मीच लिहितो."

"लिहा, लिहा," सर म्हणाले. "नाव साफ झालंच पाहिजे."

शकीलने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. ठाणे अंमलदार यांस, अर्जदार सदर गाडीखाली केवळ चोरीच्या इराद्याने गेला होता, बोल्ट कसण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी उदयसिंह सरांची साक्ष ग्राह्य न धरता अर्जदारास चोर म्हणून तातडीने अटक व्हावी, ही नम्र विनंती."