सात नंबरची होडी

तीन आठवड्यांच्या सफरीवरचं ते जहाज सकाळी किंग्सटाउनच्या धक्क्याला लागलं. प्रवासी बेटावर भटकायला उतरले आणि वरचा डेक रिकामा झाला. जहाजावरच्या बेकरीत काम करणाऱ्या ऑर्लनचं हे गाव. त्याने पास काढून आईवडिलांना जहाज दाखवायला आणलं.

वडील, एव्हरार्ड, जुने मच्छीमार. मुलाने गावातली बेकरी सोडून ही नोकरी धरली, तेव्हापासून आठ महिने त्यांनी त्याच्याशी फोनवर एक शब्द काढला नव्हता. आजही त्यांनी पोहण्याचा तलाव पाहिला नाही, मुलाने केलेला केकही चाखला नाही. कठड्यावर टांगलेल्या जीवरक्षक होड्यांखाली मात्र थबकले.

"ह्या खाली उतरतात, की नुसत्या शोभेला?"

"दर आठवड्याला उतरवून बघतो, बाबा."

"तुझी कुठली?"

"सात नंबरची."

एव्हरार्ड तिच्यापाशी गेले. तिचे दोर, कप्प्या, आकडे खालून बराच वेळ निरखत राहिले. मग जवळच्या आरामखुर्चीत टेकले आणि बघता बघता घोरू लागले.

ऑर्लन हिरमुसला. "आई, माझ्यावरचा राग अजून गेला नाही ना त्यांचा?"

"राग कसला, वेड्या!" नवऱ्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आईने आपली हॅट धरली. "तुझा भाऊ बुडाला, त्यात तूही समुद्रावर गेलास. आठ महिन्यांत आज पहिल्यांदा झोपलाय हा माणूस. हळू बोल."