वारा न येणारी जाळी

“वहिनी, शाल जाळीचीच विणा हं. पण वारा आत यायला नको!” नणंदेनं बजावलं होतं. जाळी म्हणजे भोकंच, हे तिला कोण सांगणार? मी शब्द दिला आणि रंग बदलणाऱ्या मऊ लोकरीची शाल महिनाभर विणून कपाटात ठेवली. आज न्यायची, तर देवापुढून उठते तोच आमचे हे, निवृत्त रफूगार, शाल नाचवत समोर! “अगं, कसर लागली होती. तीनशे भोकं! रंगाला रंग जुळवून आठवडाभरात एकूण एक बुजवली. शोधून दाखव!” माझं रोज बारापर्यंत मौन. नुसते डोळे मोठे केले. “एवढं कौतुक नको,” ते लाजले. आठ माळा जपल्यावर राग उतरला. शाल उन्हात धरली. उजेडही आत येईना, वारा कुठून येणार? बारा वाजले. तरी काही न बोलता शाल पिशवीत घातली आणि नणंदेकडे निघाले.