निळी गिटार

“निळा अजून फिका हवा,” सुरुची कारागिराला हिंदीत म्हणाली. “आणि दांडा जरा बारीक करा. बोटं पोचायला हवीत.”

कोलकात्यात, बेहालातल्या त्या लहानशा कारखान्यात जयप्रकाश लेकीशेजारी स्टुलावर बसले होते. समोर एका जगप्रसिद्ध वादकाच्या जुन्या, रंग उडालेल्या गिटारीचा फोटो होता. तशीच एक इलेक्ट्रिक गिटार ते आपल्या मुलासाठी, केयूरसाठी, बनवून घेत होते.

“त्याचं सगळं बरं लक्षात राहिलं गं तुझ्या,” ते म्हणाले.

सुरुची निळ्या रंगाचे नमुने चाळत राहिली.

केयूर बारावीत असताना गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, दोघा भावंडांच्या खोलीतल्या पलंगाखाली, जयप्रकाशांना अशीच एक स्वस्तातली निळी गिटार सापडली होती.

“कुणाची ही?” त्यांनी दरडावून विचारलं.

“माझी,” केयूर म्हणाला.

त्यांनी ती अंगणात आपटून फोडली. केयूरला पट्ट्यानं मारलं. “असली थेरं करणाऱ्याला या घरात जागा नाही,” असंही म्हणाले. कॉलेजात जाणारी सुरुची दारात थिजून उभी होती.

केयूर बंगळुरूला शिकायला गेला आणि तिथलाच झाला. आई गेली तेव्हा आला, पण वडिलांशी एक शब्द बोलला नाही.

आता सुरुचीचा साखरपुडा ठरला होता. तिच्या एका फोनवर केयूर यायला तयार झाला. तोंडानं माफी मागणं आपल्याला जमायचं नाही, हे जयप्रकाशांना ठाऊक होतं. म्हणून ही गिटार.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी केयूर आला. चहा झाला. जयप्रकाशांनी काळी पेटी त्याच्यापुढे ठेवली.

“उघड.”

केयूरनं उघडली आणि नुसता बघत राहिला.

“तुला आवडायची तशीच आहे. ताईनं सगळं सांगितलं, रंग कसा, दांडा कसा.” जयप्रकाश त्याच्याशेजारी बसले. “चुकलं रे माझं. फार चुकलं. एकदा वाजवून दाखव.”

सुरुची पदरानं डोळे पुसत आत निघाली होती. केयूरनं तिचा हात धरून तिला थांबवलं.

“मला गिटार येत नाही, बाबा,” तो म्हणाला. “कधीच येत नव्हती. तुम्ही फोडलीत ती ताईची होती.”