उपासाचं पान

“आमच्या पुस्तिकेतलं पान खुशाल घ्या, पण लिहिणाऱ्यांची नावं पुसू नका. नवं काही उमगलं तर तेही असंच सगळ्यांसाठी मोकळं ठेवा,” बेळगावच्या मल्लव्वांनी फोनवर बजावलं होतं.

कुमुदिनीबाईंच्या यजमानांचं यांत्रिक हृदय काल एकादशीला मंदावत गेलं आणि त्याच्या पुस्तिकेत उपाय सापडेना. बेळगावला मल्लव्वांच्या गटातल्यांची यांत्रिक हृदयंही त्याच मूळ प्रणालीवर चालणारी. त्यांच्या पुस्तिकेतल्या पानावरून बाईंनी ठोका सावरला.

“उपास माझा, आणि झोपलं ते,” यजमान चहा घेत हसले.

“उपाशी माणूस निजलाय असंच वाटतं त्या हृदयाला. बेळगावच्या पानावर ठोका सावरायचा उपाय आहे, पण उपासाचं हे कारण कुठेच लिहिलेलं नाही हो,” बाई म्हणाल्या.

देवाला आणि मल्लव्वांना मनोमन नमस्कार करून बाई संगणकापुढे बसल्या. आधी बेळगावचं पान लिहिणाऱ्यांची सातही नावं त्यांनी उतरवली, मग उपासाचं पान लिहायला घेतलं.