हिरवा दिवा

देवमनच्या वारलेल्या बायकोचं, इंदूबाईचं पुण्यानुमोदन होतं आणि साउंड देवमनच लावत होता. गावात सगळ्यांच्या कार्यक्रमांना तोच लावतो.

"भाऊजी, आज तरी बसा ना. मी लावतो," मेहुणा नागसेन म्हणाला आणि मांडवातले चारही स्पीकर एकाच ॲम्प्लिफायरला जोडू लागला.

देवमनने दोन स्पीकरच्या वायरी काढून टाकल्या. "हे मशीन दोनच स्पीकरचा लोड घेते. चार लावले तं लाल दिवा लागते अन् आवाज बंद."

"जळून जाते का?"

"जळू नाई म्हनूनच बंद होते."

एकेक जण आदरांजली वाहून गेला. बोलता बोलता कोणाला रडू फुटलं, आवाज चढला, की देवमन आवाजाचं बटण जरा मागे फिरवायचा. स्पीकरचा आवाज एकदाही फाटला नाही.

शेवटी सूत्रसंचालकाने त्याचंच नाव घेतलं. देवमन जाऊन माइकसमोर उभा राहिला. बराच वेळ गेला.

"आवाज नाई येऊन राहिला!" मागून कोणीतरी ओरडलं.

नागसेन मशीनकडे धावला. त्याने वायरी चाचपून पाहिल्या. दोन्ही घट्ट होत्या. दिवा हिरवा होता. त्याने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

दोन्ही स्पीकरमधून देवमनचा नुसता श्वास ऐकू येऊ लागला.