भोरड्यांचं रान

आरोळी थांबली.

दीपमालाचे हात पिठात तसेच राहिले. सकाळपासून रानातून ती आरोळी येत होती. ‘हाऽऽ हुर्रऽऽ!’ आणि मागोमाग गोफणीचा फटकारा. सासूबाई छबुबाई रानातल्या लाकडी माळ्यावर उभ्या राहून पाखरं हाकत होत्या. चार वर्षांची नात आरोही त्यांच्या पायाशी बसलेली होती. आरोळी ऐकू येतेय तोवर सगळं ठीक, असं दीपमालानं मनाशी धरलं होतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिचा एक कान कायम रानाकडं असायचा.

तिनं वाट बघितली. आरोळी पुन्हा आली नाही. ती पिठाच्या हातांनीच पळत सुटली.

गेवराईच्या या अंगाला आता सगळे प्लॉटच. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, आणि जिथं एकही घर नाही अशा रस्त्यावर भर दुपारी जळत राहिलेले दिवे. ती लग्न होऊन आली तेव्हा इथून हायवेपर्यंत ज्वारी होती. भोरड्या, ही दाणे टिपणारी पाखरं, तेव्हाही यायच्या, पण सगळ्यांच्या रानांत विखरून बसायच्या. ज्याचं त्याचं थोडं थोडं जायचं. मग शेजारच्या अंगदरावांनी रान विकलं. त्यांच्या वाटणीची पाखरं सुग्रीवनानांच्या ज्वारीवर आली. नानांनी वैतागून प्लॉट पाडले. आता साऱ्या शिवाराची पाखरं छबुबाईंच्या एका एकरावर उतरत.

कालच दीपमाला म्हणाली होती, “आत्याबाई, आपण एकट्यांनीच का पेरायचं? उद्या संध्याकाळी रानाच्या सौद्याला दलाल येणार आहे. हे शेवटचं पीक.”

“बरं,” एवढंच छबुबाई बोलल्या होत्या.

बांधावर येऊन ती थबकली. ज्वारी दिसतच नव्हती. कणसांच्या जागी पाखरं होती. काळी, पाठीवर गुलाबी. तेलात मोहरी तडतडावी तसा चोचींचा बारीक आवाज सगळ्या रानातून येत होता. माळ्यावर छबुबाई मांडी घालून बसल्या होत्या. गोफण मांडीवर.

“आत्याबाई, ओरडा ना! सगळं खाऊन टाकतायत!”

“खाऊ दे. यंदा शेवटचं म्हनलीस ना तू? मग त्यांचं बी शेवटचंच हाय.”

“आरोही कुठंय?”

“हाय की खाली. रानातच हाय.”

दीपमाला ज्वारीत घुसली. ताटं तिच्या डोक्याच्या वर होती. माणसाला बघून पाखरू उडतं, एवढं तर तिला माहीत होतं. ही उडत नव्हती. तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर बसलेली पाखरं खाणं थांबवायची, तिला जाऊ द्यायची. ती पुढं गेली की पाठीमागं पुन्हा तडतड सुरू व्हायची.

मधल्या सरीत आरोही बसलेली होती. तिच्याभोवती, ढेकळांवर, तिच्या चपलांपाशी सुद्धा पाखरं होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“आई, हळू. आजी म्हनली, पाव्हणे जेवायलेत.”

तिच्या मुठीत एक कणीस होतं. टपोरं, भरलेलं.

“हे बियाचं हाय. आजीनं मला सांभाळायला दिलंय.”

तेवढ्यात तडतड थांबली. एकदम, सगळ्या रानातली. दीपमालानं वर बघितलं. कणसांत एकही दाणा उरला नव्हता. पाखरं मात्र जागची हलली नव्हती. त्यांच्या माना आरोहीच्या मुठीकडं वळल्या होत्या.

तिनं आरोहीला उचललं आणि पळाली. मागं एकही पंख वाजला नाही. माळ्याखालून जाताना छबुबाईंचा आवाज ऐकू आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. “अंगदच्या रानातनं सुग्रीवच्या रानात. तिथनं आपल्यात. पुढल्या साली कुठं बसतील गं ती?”

संध्याकाळी बंकट दलाल ओसरीतल्या खुर्चीवर पाय पसरून बसला होता. “वहिनी, चहात साखर जरा सढळ हातानं टाका, आज तोंड गोड करायचा दिवस हाय. तुमच्या रानात बगीचा करू. लेकरांना घसरगुंडी बिसरगुंडी. लई झ्याक दिसंल बघा.”

दीपमालाच्या नवऱ्यानं, जीवननं, पेनाचं टोपण काढलं.

दीपमालानं ट्रे खाली ठेवला. “अहो, सही करू नका. पुढच्या साली ज्वारीच पेरायची.”

जीवन हसला. “महिनाभर तूच मागं लागली होतीस की! आन् पेरून करायचं काय? दाणा घरात यायचा न्हाई.”

“नाही आला तरी.”

“वहिनी, थट्टा करायलात व्हय?” बंकटचा पाय खाली आला.

“पेरायची,” ती म्हणाली. “बांधापासून बांधापर्यंत.”

जीवननं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग पेनाचं टोपण हळूच लावलं.

“कावून गं?” छबुबाईंनी दारातून विचारलं. “काल तर निराळंच बोलत हुतीस.”

दीपमाला आतल्या खोलीत गेली. दिवस मावळून गेला होता. या वेळेला भोरड्या गोदाकाठच्या झाडांवर परतलेल्या असतात. पलंगावर आरोही झोपली होती. कणसाची मूठ अजून घट्ट होती.

दुपारी लावून घेतलेल्या खिडकीच्या काचेपलीकडं प्रत्येक गजावर पाखरं बसली होती. अंगाला अंग लावून, आवाज न करता. मोकळं झालेलं रान त्यांच्या पाठीमागं पसरलं होतं. एकाही पाखराचं तोंड तिकडं नव्हतं.